शब्दांची भावकी

आमच्या नळदुर्गात अप्पांची शिकवणी लाईट गेली की भरायची आणि लाईट आली की सुटायची. शब्द अर्धा तोंडात असला तरी अप्पा तो तिथंच टाकून उठायचे, खटका वर करायचे आणि गिरणी घरघरायला लागायची. हायवेच्या कडेला त्यांची पिठाची गिरणी होती. लोडशेडिंगच्या वेळा गावात सगळ्यांनाच पाठ होत्या, पण शाळेच्या वेळापत्रकागत त्या भिंतीला चिकटवलेल्या मी फक्त तिथंच पाहिल्या. दळण घेऊन आलेल्या बायका, कॉलेजातली आम्ही चारसहा पोरंपोरी, पंक्चर काढायला थांबलेला एखादा ट्रकवाला, असे सगळे ज्वारीच्या डब्यांवर बसून राहायचे. फळा नव्हता. आतल्या बाजूच्या पत्र्यावर पिठाचा थर बसलेला असायचा, त्यात अप्पा बोटानं लिहायचे. गिरणी सुरू झाली की पत्रा थरथरायचा आणि लिहिलेलं सगळं झडून जायचं. वही काढून लगेच लिहून घ्यायची सवय मला कॉलेजात नाही, गिरणीत लागली.

मी काही शिकायला जात नव्हते, हे आधी सांगून टाकते. माझी आई हायवेवरच्या तीन ढाब्यांना ज्वारीच्या भाकरी करून द्यायची. रोज एक डबा दळण, आणि ते आणायचं काम माझं. बी.ए.ला होते, स्वतःला फार शहाणी समजत होते, आणि डोक्यावर डबा घेऊन चालताना कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून खाली मान घालून जात होते. घरात आईशी माझं धड बोलणं नव्हतं. ती काही विचारायची, मी तुटक उत्तर द्यायचे. असं चारपाच वर्षं चाललं होतं. आणि त्याच वर्षी आईच्या छातीत गाठ निघाली. लाजेपायी तिनं सहा महिने कुणाला सांगितलं नाही. अप्पांची आठवण निघाली की ती गाठ आठवल्याशिवाय राहत नाही, म्हणून तीही आत्ताच सांगितली.

तर अप्पा. वय साठीच्या पुढं, अंगात बंडी, कपाळाला विभूतीचे पट्टे, आणि भुवया बारा महिने पांढऱ्या. त्यातलं पिकलेलं किती आणि पीठ किती, ते त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. शिक्षण कर्नाटकातल्या कानडी शाळेत, दहावीपर्यंत. इंग्रजीचं एक सरळ वाक्य त्यांना बोलता यायचं नाही, खरं सांगते. पण शब्द हजारांनी. रद्दीतून आणलेला एक जाडजूड शब्दकोश होता, त्याची पुढची आणि मागची पानं उंदरांनी खाल्लेली. "ए आन् झेडकडची मंडळी मला कमी ठाऊक हायेत," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

कुठलाही शब्द आला की अप्पांचा पहिला प्रश्न त्या शब्दालाच असायचा. "कुणाचा रं तू?" आपल्याकडं नवा माणूस दिसला की हेच विचारतात, नाव नंतर. ही खोड त्यांना हेळव्यानं लावली. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा माणूस. अप्पांच्या लहानपणी तो दोनतीन वर्षांतून एकदा बैलावर बसून यायचा, ओसरीवर आपलं बाड सोडायचा, आणि मूळ पुरुष कोण, कुठल्या गावाहून उठून आला, त्याला मुलं किती, कोण कुठं पांगलं, हे सगळं तालात म्हणून दाखवायचा.

"आमच्या आज्जाला वाटायचं, आपलं हितं कुणी न्हाय," अप्पा सांगायचे. "हेळवी येऊन गेला की धा गावात भावकी निघायची. आज्जा चार दिस नुसता हसत बसायचा. मला वाटलं, ह्या इंग्रजी शब्दांचा हेळवी कुणी झालाच न्हाय. म्हणून एकेकटे फिरत्यात आन् पोरास्नी भ्या दावत्यात."

एकदा लाईट गेली तशी अप्पांनी पत्र्यावर लिहिलं, व्हर्ट.

"ह्यो मूळ पुरुष. गाव लॅटिन. काम काय, तर वळणं. आता ह्याची पोरं सांगा. तुमच्या वळखीचीच हायेत."

डब्यावर बसलेला ट्रकचा क्लीनर म्हणाला, "रिव्हर्स."

"हौदु," अप्पा कानडीत हो म्हणाले. "मागं वळणं. आजून?"

"रस्त्याचं काम चाललंय तिथं पाटी हाय. डायव्हर्जन."

"दुसरीकडं वळणं. आन् आपली लाईट गेली, बँकंतली का गेली न्हाय?"

"इन्व्हर्टर," दळणाच्या रांगेतली एक बाई म्हणाली आणि स्वतःच लाजली.

अशी तीन ओळखीची माणसं ओसरीवर बसली की मग अप्पा आतल्या खोलीतून मोठ्यांना बोलवायचे. कॉन्ट्रोव्हर्सी, म्हणजे एकमेकांविरुद्ध वळलेली तोंडं. इन्ट्रोव्हर्ट, आत वळलेला. सबव्हर्ट, खालून उलथवणारा. ज्या शब्दांनी परीक्षेत आमची गाळण उडायची, ते शब्द ज्वारीच्या डब्यांमध्ये येऊन पाव्हण्यागत बसायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी कुणाचं सहजासहजी कौतुक करणारी बाई नव्हे, माझ्या ऑफिसात कुणालाही विचारा.

एकटा शब्द पाठ करायचा नाही, हा त्यांचा नियम. एकदा मी गाईडमधून पाठ केलेला एक शब्द त्यांच्यापुढं टाकला, जरा तोऱ्यातच. "मॅग्नॅनिमस."

"त्याचा भाऊ कोण?"

"ते माहीत नाही."

"मग उचल त्याला. बेवारशी डबा मी गिरणीत ठिवत न्हाय."

मी तणतणत घरी गेले. दुसऱ्या दिवशी लाईट जायच्या आधीच हजर. अप्पांनी तो शब्द दोन घरांच्या सोयरिकीतून झालेला काढला. एक घर मोठेपणाचं, एक घर जिवाचं. मोठ्या जिवाचा, म्हणून उदार. जिवाच्या घरातलाच ॲनिमल, आणि त्याच घरातला युनॅनिमस, म्हणजे सगळे एकजीव. "आपल्याकडं ग्रामपंचायत बिनविरोध व्हती ना, तसं," अप्पा म्हणाले, आणि मग जरा विचार करून म्हणाले, "आपल्याकडं न्हाय व्हत. भूमकडं व्हती म्हनत्यात."

त्यांच्या शिकवण्याची खरी परीक्षा आम्ही पोरांनी दिली नाही, एका आजीनं दिली. सत्तरीची बाई, अंगठेबहाद्दर, आठवड्याला दोन पायल्या दळण. स्पेक्टचं घर, बघणाऱ्यांचं, तिनं ऐकून ऐकून पाठ केलेलं. एकदा रेशनच्या दुकानात कुणी साहेब आले, बाहेर खुर्चीत बसून चहा पीत होते. दुकानदार सगळ्यांना दबक्या आवाजात सांगत होता, गप बसा, साहेब इन्स्पेक्शनला आलेत. आजी काठी टेकत पुढं गेली. "इन म्हंजी आत. स्पेक्ट म्हंजी बघणं. मग साहेब, आत बघा की, दारात काय बसलाव?" साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. उठून ते खरोखर आत गेले. ही गोष्ट अप्पांना सांगितली तर त्यांनी एवढंच विचारलं, "सस्पेक्ट म्हणाली का? न्हाय? मग आजून पक्कं न्हाय झालं."

आणि चूक झाली की हा माणूस काय करायचा ते ऐका. कधीतरी त्यांनी आम्हाला पेन आणि पेन्सिल सख्खी बहीणभावंडं म्हणून सांगितली होती. कुणालाही तसंच वाटेल. पुढं एका पोरानं मोबाईलवर मोठ्या शब्दकोशाचं पान दाखवलं. पेन निघालं पिसाचं. पेन्सिलचं कूळ वेगळंच, शेपटीचं, आणि तिची जवळची नातलग कोण तर पेनिसिलीन. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत असं त्यांची बायको सांगायची. मग चुकीचं शिकवलं त्या दिवशी शिकवणीला कोण कोण होतं त्याची यादी काढली आणि घरोघर जाऊन प्रत्येकाच्या वहीत दुरुस्ती केली. एक मुलगी लग्न होऊन भूमला गेली होती. दोन ठिकाणी एसटी बदलून अप्पा तिच्या सासरी. माहेरच्या गावचा म्हातारा असा न सांगता दारात उभा, म्हटल्यावर त्या पोरीनं रडायलाच सुरुवात केली. घरातल्यांना वाटलं, कुणीतरी गेलं. अप्पांनी पाणीसुद्धा न घेता सांगितलं, पेन्सिल पेनची कुणी लागत न्हाय, खोड ते.

"एवढ्यासाठी आलाव?" सासू म्हणाली.

"चुकीची सोयरीक मी जुळवली व्हती. मोडायला मीच याया पायजे."

हे त्या मुलीनं पुढं मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. असा माणूस आपल्या वाट्याला आला होता, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

अप्पांनी शिकवलेली दोन घरं मात्र मी कधी विसरणार नाही. समोरासमोरची घरं, असंच ते म्हणायचे. एक बेनेचं, भल्याचं. घरकुलाच्या यादीतला बेनिफिशरी त्या घरचा, भलं चिंतणारा बेनिव्होलंटही तिथलाच. समोरचं घर मॅलचं, वाइटाचं. मलेरिया म्हणजे वाईट हवा. अंगणवाडीच्या ताई म्हणतात ते मालन्यूट्रिशन, कुपोषण. वाईट चिंतणारा मॅलिव्होलंट. "ह्या घरचं कुणीबी वाटंत भेटलं, की दोन पावलं मागं सरा," अप्पा म्हणाले होते. मी ते वहीत अधोरेखित करून ठेवलं.

त्यानंतर महिन्याभरात आईला घेऊन मी सोलापूरला गेले. सुई घालून गाठीचा तुकडा काढला, तपासायला पाठवला. रिपोर्ट घ्यायला शनिवारी दोघी पुन्हा गेलो, तो मिळाला दुपारी दोनला. डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नव्हते. मी तिथंच खिडकीपाशी पाकीट फोडलं. चारपाच ओळी होत्या. वर एक लांबलचक नाव, ते काही कळलं नाही. आणि शेवटच्या ओळीत शेवटचा शब्द, मॅलिग्नन्सी. तो मी आधी कधीच वाचला नव्हता. पण कुणाचा ते मला बरोबर कळलं. कळल्यावर पुढं काही दिसेचना. कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"काय लिवलंय?" आईनं विचारलं.

"डॉक्टर सांगतील सोमवारी."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. मी तिचा हात धरला. गाडीत बसलो. बोरामणीच्या पुढं गेल्यावर आई खिडकीबाहेर बघत बोलायला लागली. मोठ्या तव्याची मूठ ढिली झालीय, ती लोहाराकडून करून घे. पहिल्या दोन ढाब्यांना भाकरी पातळ लागते, तिसऱ्याला जाड. तिसऱ्याचा माणूस घाई करतो, त्याचं ऐकायचं न्हाय, भाकरी शेकू द्यायची. पिठात पाणी कडकडीत घालायचं, मग ती चिरत न्हाय. अशी एकेक गोष्ट ती मला सोपवत होती, आणि मी नुसती हं हं करत होते. मला रडू फुटत होतं आणि गाडीत माणसं होती.

स्टँडवर उतरून आईला घरी पाठवलं आणि मी गिरणीकडं धावले. लाईट होती. रांग दाराबाहेर आलेली. चालू गिरणी अप्पांनी शिकवण्यासाठी कधी थांबवली नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. माझं तोंड पाहिलं आणि त्यांनी खटका पाडला. वर बल्ब जळत होता आणि गिरणी बंद.

"काय झालं, अव्वा?" मुलीबाळींनाही ते अव्वा, म्हणजे कानडीत आई, असंच म्हणायचे.

मी कागद पुढं केला. "मॅलच्या घरचा आहे, अप्पा."

पिठाखालचा त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. ते खाली डब्यावर बसले. कागद काही हातात घेतला नाही. "माजे हात पिठाचे हायेत. तू वाच."

"वाचलाय."

"शब्द वाचलास. त्याच्या अगुदर काय लिवलंय?"

मला राग आला. अगुदर काय असणार, असं मी म्हणालेही. त्यांनी कागदाकडं बोट केलं. मग मी एकेक शब्द वाचला. नो. एव्हिडन्स. ऑफ.

"नो म्हंजी?" अप्पांनी विचारलं.

माझ्याआधी रांगेतली ती इन्स्पेक्शनवाली आजी म्हणाली, "न्हाय."

"एव्हिडन्स कुणाचा?"

"व्हिडच्या घरचा," मी म्हणाले. "व्हिडिओचा. बघणं. दिसणं."

"मंग? सगळं मिळून सांग."

"दिसलं नाही."

"काय दिसलं न्हाय?"

"मॅल," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

बायकांनी मला पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, एकीनं तर माझी दृष्ट काढत कडकडा बोटं मोडली. अप्पा मात्र हसले नाहीत. "वरचं लांब नाव कशाचं ते मला ठाऊक न्हाय," ते म्हणाले. "सोमवारी डाक्टरला इचारायचं. तवर उड्या मारायच्या न्हायत." मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेतीन झाले होते. "कागद कवा वाचलास?"

"दोनला."

"आईनं वळखलं?"

मी त्यांना तव्याचं सांगितलं. पातळ भाकरी, जाड भाकरी, कडकडीत पाणी, सगळं सांगितलं. अप्पांनी मान खाली घालून ऐकलं. मग उठून खटका वर केला आणि संध्याकाळपर्यंत रांग संपवली. मी घरी पळाले आणि आईला सांगितलं, कागदात वाईट काही दिसलेलं नाही.

त्यानंतर शिकवणी बदलली. शब्द आला की कुणाचा हे विचारायच्या आधी अप्पा अख्खं वाक्य वाचायला लावायचे, औषधाच्या डब्यावरचं, खताच्या पोत्यावरचं, जे हाताला येईल ते. वाक्य त्यांनाही येत नव्हतं, म्हणून स्वतः आमच्यात डब्यावर बसायचे आणि अडखळत वाचायचे. कॉलेजची पोरं त्यांच्या चुका काढायची. साठी उलटलेला हा माणूस कान धरायचा आणि पुन्हा वाचायचा. मला ते बघवायचं नाही, आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

त्या सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं, साधी गाठ आहे, भ्यायचं कारण नाही. त्याच संध्याकाळी लाईट गेली. शिकवणीची वेळ, आणि अप्पा आमच्या दारात. लाईट गेलेली असताना हा माणूस गिरणीच्या बाहेर मी कधी पाहिला नव्हता. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. पदर सावरून म्हणाली, "या, बसा अप्पा."

"बसत न्हाय. बोलायचं हाय." त्यांनी हात जोडले. "म्या पोरीला शब्दांची घराणी शिकवली. बोलणं कसं ऐकायचं ते शिकवलं न्हाय. एक शब्द दिसला आन् तिला मागचं-पुढचं दिसंना. चूक तिची न्हाय, माजी हाय. तिच्यापायी तुमी दीड तास मराण डोळ्यापुढं घिऊन गाडीत बसला. माफी मागाय आलोय."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गावातली चार माणसं ज्यांना वाकून नमस्कार करतात ते अप्पा भाकरी करणाऱ्या बाईपुढं हात जोडून उभे होते, आणि हात खाली घेत नव्हते.

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाली, "अप्पा, मला कागद वाचता येत न्हाय. पर पोरीचं तोंड वाचता येतं. त्या दिशी मी वळखलं, आपलं संपलं."

"व्हय," अप्पा म्हणाले. "तेच म्हनतोय."

"आवं ऐका की. पाच वर्सं झाली, ही माज्याजवळ धड बसली न्हवती. त्या गाडीत हिनं दीड तास माजा हात धरला. तिकिटाचं पैसं काढतानाबी सोडला न्हाय, डाव्या हातानं पर्स उघडली." आईनं भाकरी उलटली. "त्या दीड तासाची माफी मागू नका, अप्पा. तेवढा माज्यापाशी राहू द्या."

अप्पांनी जोडलेले हात तसेच कपाळाला नेले. "शरणार्थी, अव्वा," असा त्यांच्यातला नमस्कार केला आणि मग खाली बसले. आईनं पहिली भाकरी त्यांना वाढली. दुसरी थापायला तिनं परातीकडं हात नेला, तेव्हा परात मी माझ्याकडं ओढून घेतली होती.